दोनशे अकरा, तीनशे तीस आणि नलूची जीभ

७ मार्च, शुक्रवार. अमरावती

परतवाड्याहून बेल आले. एक्क्याऐंशी फळं. चार तडकलेली, ती बाजूला. उरलेली फोडून, पाण्यात भिजवून, चाळणीवर हाताने चोळून गर निघाला बारा किलो. मिक्सर लावायचा नाही. बी फुटली की कडू. हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, पहिल्या वर्षी अख्खा घाणा फेकून शिकलो.

साखर सोळा किलो. पाक गार झाल्यावर गर. मग २११, म्हणजे सोडियम बेन्झोएट, चोवीस ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर, कोमट पाण्यात आधी विरघळवून. मर्यादेच्या आत. शेवटी ३३०, लिंबूसत्व. ते काट्यावर ठरत नाही. ते न.च्या, म्हणजे बायकोच्या, जिभेवर.

न. खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. मागच्या उन्हाळ्यात छातीतली गाठ, मग अकोल्यात केमोची सहा इंजेक्शनं. त्यानंतरचा हा पहिला घाणा. केस कानापर्यंत आलेत. आधी सरळ होते, आता कुरळे. डॉक्टर म्हणाले होते, चव परत येते, कोणाला सहा महिने, कोणाला वर्ष, कोणाची थोडी राहूनच जाते. आली का, हे मी विचारलेलं नाही. ती आपणहून स्टुलावर येऊन बसली, म्हणजे आली, असं धरलं.

मी चमचा-चमचा टाकत गेलो, ती वाटीतून चाखत गेली. दोनशे दहा ग्रॅमला म्हणाली, "बास. आता नका टाकू, दात आंबतीन."

सात वर्षं एवढ्याच घाण्याला ती चारशेच्या आसपास बास म्हणत आली. कधी ३९०, कधी ४१०. वहीत आहे.

२१० लिहिलं. दुपारचं ऊन पातेल्यात उतरलं होतं. किती वेळ ढवळत बसलो कोण जाणे. पळी फिरते तसं ऊनही फिरतं.

यंदाचे बेलच वेगळे असतील.

१० मार्च, सोमवार

किराणावाले रफिकभाई बाटली उलटी करून लेबल वाचत होते. "भाऊ, दो-दो पावडर कायकू? एक में काम नहीं चलता?"

म्हटलं, बसा. चहा गार झाला त्यांचा, पण समजावून सांगितलं. मी बारावी नापास माणूस. एक जुनं इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी, तीन पावसाळे. कॉलेजची पोरं विचारायला येतात माझ्याकडे, मी जात नाही. इथेही लिहून ठेवतो.

दोन्ही पांढरे. बशीत शेजारी-शेजारी ठेवले तर न.सुद्धा लांबून ओळखणार नाही. हात लावला की कळतं. ३३० साखरेसारखं खडेदार, दाताखाली करकरतं, लगेच आंबट. २११ भुरभुरीत, जिभेवर आधी किंचित गोड, मग घशात काहीतरी धरून बसतं. ३३० चवीत दिसतं. २११ कशातच दिसत नाही, दिसू नये म्हणूनच एवढंसं टाकायचं.

काम वेगळं. ३३० आंबटपणा सांभाळतं. २११ शरबत फसफसू देत नाही. पण गोम अशी, की २११ नुसत्या गोड पाण्यात टाका, पडून राहील मिठासारखं. किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशी त्याच्या अंगावरून नाचत जातील. पुरेसा आंबटपणा मिळाला की त्याचं रूप पालटतं आणि त्या रूपात ते पेशीच्या कवचातून आत जाऊ शकतं. आत गेलं तरच काही.

म्हणजे राखण करणारा एक, आणि त्याला जागं ठेवणारा दुसरा. लोकांना वाटतं ३३० चवीपुरतं आहे.

रफिकभाई म्हणाले, "समझ गया. मतलब दोनों लगते." एवढ्या तपशिलाचं सार एवढंच.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

बाहेर पोरं रंगात. आम्ही दार लावून. अकोल्याच्या दुकानात चोवीस बाटल्या कालच गेल्या. न.चा धाकटा भाऊ सुधाकर, त्याचं दुकान.

जेवण करून आडवा झालो आणि अर्धवट झोपेत ब्युरेट दिसलं. सात वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेचं सामान निघालं, त्यात घेतलेली ही मापाची काचनळी. मी थेंब-थेंब सोडत आंबटपणा मोजत बसायचो. एका घाण्याला अख्खी दुपार. न. एकदा जाता जाता बोट बुडवून म्हणाली, "परवापेक्षा अर्धा चमचा कमी हाये." मोजलं. अर्धा चमचा कमी. दुसऱ्यांदा मोजलं. पाचव्या घाण्यानंतर ब्युरेट माळ्यावर ठेवलं, पुढे ते मांजरीने पाडलं. मला वाईट वाटलं नाही.

माझी जीभ बारा वर्षं तंबाखूचा खर्रा खाऊन मेलेली. सोडला, पण जीभ उठली नाही. त्यामुळे घरात एकच जीभ.

स्वप्नात ब्युरेटमधून बेलाचा गर उतरत होता, थेंब नव्हे, धार, आणि खाली भांडंच नव्हतं. कुठे जात होता ते पाहायला वाकलो तेवढ्यात न.ने उठवलं. "चहा घेता का? उन्हं उतरली."

चहा फिका होता. साखर टाकायची राहिली होती. ती तिचा कप शांतपणे पीत होती. मी पण प्यालो.

१९ मार्च, बुधवार

काही विशेष नाही. ऊन वाढलं. न. अंगणात बेलाची करवंटी घासत बसली होती, चमच्यासाठी. शेजारीण म्हणाली, बेल तर देवाचा. न. म्हणे, "आमच्या घरी तो पोटाचा हाये." बऱ्याच दिवसांनी हसली. मी आतून ऐकत होतो, वही उघडी, पेन तसंच हातात.

२२ मार्च, शनिवार

सुधाकरचा फोन, सकाळी साडेनऊ.

"भाऊजी, बाटली उडाली."

"काय उडाली?"

"टोपण उडालं ना. पंख्याले लागलं. गिऱ्हाईक म्हने, दुकानात फटाके ठेवले काय. शरबत केलं का कोल्ड्रिंक केलं तुमी?"

म्हटलं उन्हात ठेवल्या असशील. म्हणे सावलीत होत्या. म्हटलं हात लावू नको, उद्या येतो.

न.ला सांगितलं, सुधाकरकडे थोडं काम आहे. तिने विचारलं नाही कसलं.

२३ मार्च, रविवार. अकोला

बसमध्ये खिडकी मिळाली. बडनेरा, मुर्तिजापूर. शेतात उभ्या तुराट्या आणि पऱ्हाट्या, मधून धूळ उठते आणि तिथेच थांबते, खाली बसत नाही. त्या धुळीकडे पाहत हिशेब लावत गेलो. २११ चोवीस ग्रॅम, हे मी स्वतः तोललं. काटा त्याच सकाळी तपासला होता. बाटल्या उकळून घेतल्या. टोपणं नवी. उरलं ३३०. बोरगाव मंजूपर्यंत दुसरीकडे चूक शोधत राहिलो.

चोवीसपैकी अकरा बाटल्यांत बुडबुडे. तीन उडालेल्या. वास आंबूस, मोहाच्या जवळचा. सुधाकरने सगळ्या मागच्या खोलीत ओळीने लावल्या होत्या, वर ओलं पोतं. त्यातून बारीक सूं सूं आवाज येत होता. दोघंही थोडा वेळ तो ऐकत उभे राहिलो.

मग तो हळूच म्हणाला, "ताईची जीभ आली का वापस?"

"आली."

"खरं सांगा भाऊजी. आमच्या इथं राह्यली तवा वरणात तीनदा मीठ टाके. चहा लोखंडासारखा लागते म्हने."

"ते तेव्हाचं. आता आली."

त्याने पोतं सारखं केलं. मग म्हणाला, "चौदा एप्रिलले विहारापुढं आपला स्टॉल हाये. दरवर्षी लोक इचारतात, ताईच्या जिभेचं शरबत आलं का. यंदा लावायचं का साधं बर्फाचं पाणी पाजायचं, ते आताच सांगा. लेकरं पेतात. पोटाचं काम हाये."

म्हटलं, लावायचं.

येताना झोप लागली. डोळा उघडला तेव्हा बडनेरा, आणि मला वाटलं मी अजून जातोच आहे.

२५ मार्च, मंगळवार

सायंटिफिकच्या दुकानातून पीएचच्या पट्ट्या आणल्या, बारीक फरक दाखवणाऱ्या. आकडा जेवढा खाली, तेवढं आंबट. न. विहारात गेली तेव्हा काढल्या. तासभर होता.

प्रत्येक घाण्याची एक बाटली मी ठेवतो. मागल्या सालची काढली. पट्टी बुडवली, लगेच झटकली, नाहीतर शरबताचा रंग मध्ये येतो. साडेतीन. ७ मार्चची. साडेचार.

तिसऱ्यांदाही साडेचार.

साडेचारला २११ झोपलेलं असतं, सगळं नाही, पण बरंचसं. बाटलीत चोवीस ग्रॅमच्या हिशेबाने पूर्ण होतं ते. काटा बरोबर, वजन बरोबर, आणि तरी उपयोग नाही. मी ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो आणि जे तोलायला हवं होतं ते वाटीत घालून तिच्या हातात दिलं. सात वर्षं बरोबर होतं. आठव्या वर्षी एकदा विचारायला हवं होतं. दोनशे दहा लिहिताना कळलं होतं मला. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. उत्तर नको होतं.

पट्ट्या हिशेबाच्या फायलीमागे ठेवल्या. न. आली. पदराला विहारातल्या मेणबत्तीचा वास. "काय करून राह्यले?"

"काही नाही."

२८ मार्च, शुक्रवार

दुसरा घाणा. न. स्टुलावर. दोनशे वीसला बास.

ती पडायला गेली. मी झाकण उघडून वरून १८० टाकलं. पट्टी साडेतीन. ढवळलं, झाकण, वर फडकं, सुतळी.

वहीत पहिल्यांदा दोन आकडे. न. २२०. मी १८०. मी आजवर एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. हाही खोटा नाही. पण वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसलो.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी स्वप्न, ब्युरेटचं नव्हे. कुठलीतरी नदी, पाणी बेलाच्या रंगाचं, कौंडण्यपूरच्या घाटासारख्या पायऱ्या. न. गुडघाभर पाण्यात. लांब केस. ओंजळ तोंडाशी नेते, पाणी सोडून देते, परत ओंजळ. मी पायरीवरून ओरडतो, किती, किती झालं. ती ऐकते आहे असं वाटतं पण मान वळत नाही.

उठलो तेव्हा ती खरोखर शेजारी बसली होती, गव्हातले खडे काढत. स्वप्न सांगितलं नाही.

दुसऱ्या घाण्यात बुडबुडा नाही. तसा बरोबर आहे. चौदा तारखेचा घाणा असाच करायचा, ती बास म्हणेल, मी मागून टाकेन. कोणाचं काही बिघडत नाही. असं चार वेळा स्वतःला सांगितलं.

५ एप्रिल, शनिवार

लिहून ठेवतो, जसं बोलणं झालं तसं.

चौदासाठीचे बेल आले. दोघं गरातून बिया वेचत बसलो होतो. बेलाची बी बुळबुळीत, धरली की निसटते. न. मान खाली घालून म्हणाली, "आयका ना. मांगच्या घाण्यात तुमी वरून टाकलं."

"तुले कोणी सांगतलं?"

"कोन सांगन. सुतळी मी बांधते, तशी नव्हती बांधलेली."

दोन बिया वेचल्या. मग मी, "मंग बोलली कावून नाही?"

"तुमी बोलले का?"

ती पुढे म्हणाली, तशाच आवाजात, जसं भाजीचं सांगावं तसं. "मले काहीच लागत नायी. बेल बी तसाच, माती बी तशीच. नुसतं वल्लं लागते."

"मंग बास कशावरून म्हणत होती?"

"तुमच्या तोंडावरून."

मी हातातली बी खाली ठेवली.

"दोन चमचे टाकले का तुमी माह्याकडे पाहत. धा टाकले का चमचा वरच धरून ठेवत, टाकू का नको टाकू. मले वाटलं, आता झालं असन. म्हनलं बास."

"सात वर्षं असंच?"

"नायी." यावेळी वर पाहिलं. "सात वर्षं जिभेवर. अकोल्यापासून तोंडावर."

म्हणजे दोनशे दहा तिचे नव्हतेच. ते माझे. माझा हात थांबला, तिने त्याला बास म्हटलं. मी तिची जीभ वाचत होतो, ती माझं तोंड, आणि पातेलं मध्ये.

मी म्हणालो, मी पट्ट्या आणल्यात.

"ठाव हाये. फायलीच्या मांगं." मग, "लय वंगाळ रंगाच्या हायेत."

हसू आलं, दोघांनाही. मग ती उठून हात धुवायला गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

९ एप्रिल, बुधवार

स्टूल तिने अंगणात नेऊन ठेवलं. त्यावर कुंडी.

म्हणे, "पट्टी तुमी धरा. चमचा मी टाकते." तसं केलं. तिचा हात माझ्यासारखा थांबत नाही. सपाट चमचा, टाकला, ढवळलं, पुढचा. मी पट्टी उजेडाकडे धरून रंग सांगत होतो. साडेचार. चार आणि थोडं. पावणेचार.

साडेतीनला ती थांबली. काट्यावर उरलेलं तोललं, वजा केलं. ३९५.

तिच्या सात वर्षांच्या आकड्यांमधलाच आकडा. कागदाच्या पट्टीने तिचं जुनं सगळं खरं ठरवलं. मी वही उघडून तिला दाखवली, वरून खाली, दरवर्षीचं. तिने बोट फिरवत वाचलं.

"मंग पट्टी कायले आणली? वहीत पाहून टाकलं असतं."

खरं आहे. मला सुचलं नाही. पण बेल दरवर्षी सारखे नसतात, असं काहीतरी म्हणालो. तिने ऐकून घेतलं.

चाखून पाहतेस का, हे तोंडाशी आलं होतं. वाटी धुवून पालथी ठेवलेली होती.

१४ एप्रिल, सोमवार. अकोला

सकाळपासून स्टॉल. निळ्या पताका, ढोल, उन्हाने डांबर मऊ. एकाला चार पाणी, बर्फ, चिमूटभर सैंधव. बाटल्या सगळ्या शांत. टोपण उघडताना मी प्रत्येकीला कान लावत होतो, सुधाकर म्हणाला, "भाऊजी, ते काय बोलनार हाये का."

तो दर पाच मिनिटांनी ओरडे, "ताईच्या जिभेचं शरबत! बेल!" न. माझ्या मागे ग्लास विसळत होती. दर आरोळीला तिचा हात जरा थांबे. त्याला गप्प करावं असं वाटलं. केलं नाही.

बाराच्या सुमारास एक म्हातारी आली, पांढरं लुगडं, दंडावर निळी फीत. ग्लास संपवला, ओठ पुसले, सुधाकरला विचारलं, "ताई कोन?" त्याने न.कडे दाखवलं.

म्हातारी म्हणाली, "बाई, आंबट कमी झालं यंदा."

मी पट्टीचं सांगणार होतो. साडेतीन. पण म्हातारी माझ्याकडे पाहतच नव्हती, ती न.कडे पाहत होती, उत्तरासाठी.

न.ने हात पुसले. एक ग्लास भरला. एक घोट घेतला, तोंडात धरला. ढोल अगदी जवळ आला होता, ग्लासातलं शरबत त्या आवाजाने थरथरत होतं, ते मी पाहत होतो, तिच्याकडे पाहण्याची छाती होत नव्हती. मग गिळला. दुसरा घोट.

"नायी मावशी," म्हणाली. "बरोबर हाये. ते मांगून लागते."

म्हातारी थांबली. जीभ टाळूला लावून पाहिली. मान डोलावली. "हो वं. मांगून लागलं." आणि मिरवणुकीत मिसळून गेली.

बेलाचा आंबटपणा मागूनच लागतो. आधी गोड, मग तुरट, मग तो. हे तिला सात वर्षं माहीत आहे. माहीत असणं वेगळं, लागणं वेगळं.

तिने तो ग्लास संपवला. विसळला. रांगेत लावला.

संध्याकाळची बस. पाठीला पाठ लावून लोक उभे, आम्हाला जागा मिळाली. तिने डोकं खिडकीला टेकवलं होतं, डोळे मिटलेले, पण झोपलेली नव्हती. दोनदा विचारावंसं वाटलं. बाहेर काळी नांगरलेली जमीन संध्याकाळच्या उजेडात जांभळी होत गेली, मग तीही दिसेना.

मुर्तिजापूर गेल्यावर ती म्हणाली, डोळे न उघडता, "उद्या बेल आनान का?"

"आता कशाले? घाणे संपले."

"आना तं खरं. पाच-सहाच आना."

बरं म्हटलं. कावून, ते विचारलं नाही. परतवाड्याची पहिली बस सहा दहाची आहे.